हं म्हणणारा बुवा

पाठांतरात मी जन्मजात कच्चा. कारकुनाचं पाठांतर कच्चं असलं तर कुणाचं काही बिघडत नाही, फायली असतात. पण मी सुट्टीच्या दिवशी भजनाचा बुवा, आणि तोही डबलबारीचा. डबलबारीत दोन मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची. पहिला गाता गाता पुराणातला एखादा सवाल टाकतो, जाता जाता दोन टोमणे मारतो, आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. तेही चालीत, पेटी वाजवत, चेहरा हसरा ठेवून. कोकणातून मीरा रोडला येताना आमच्या लोकांनी पाटा-वरवंटा गावी ठेवला, हे भांडण मात्र बरोबर आणलं.

आमचं मंडळ राजापूरकडच्या दोन-तीन वाड्यांचं. कुणी परळहून उठून आलेला, कुणी काळाचौकीहून, आणि सगळे पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या आगेमागे ज्याला जसा परवडला तसा फ्लॅट घेऊन राहिलेले. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात तालीम. वरच्या मजल्यावरचे गुजराती काका दर शनिवारी खिडकीतून एकदा डोकावून सांगायचे, "भाईसाब, भगवान को सुनाई देता है, थोड़ा धीरे." आणि मग तिथेच उभे राहून अख्खी गौळण ऐकायचे.

पखवाजावर माझे वडील. गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले, वय सत्तरीला टेकलेलं. तालमीआधी ते डाव्या पुडीला कणीक लावत बसत तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. तो त्यांनी केला नव्हता, आम्हीच पाळायचो. माझ्या आधीच्या बुवांनाही साथ त्यांचीच. मी बुवा झालो त्यात माझ्या गळ्याचा वाटा चार आणे, बाकीचे बारा आणे बाबांचे हात. हे मी नम्रतेने म्हणत नाही, मंडळातल्या लोकांनी मला तोंडावर सांगितलंय.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गजर चढत जातो, झांज पेटते, कोरस ओरडत असतो, तेव्हा बुवाचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानालाही ऐकू येत नाही. अशा वेळी 'आता संपव' हे पखवाजवाल्याला सांगायचं कसं? डोळ्यांनी. बुवा मान वर करतो, पखवाजवाल्याकडे बघतो, भुवई उचलतो. तो तिहाई घेतो, म्हणजे शेवटचा तुकडा तीनदा वाजवतो, आणि पंधरा माणसं एका ठोक्यावर थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं काय जादू आहे. जादू कसली, मुलाने बापाकडे बघितलेलं असतं.

इनकमिंग फुकट झालं त्या सुमारास मी मोबाइल घेतला. ऑफिसात सगळ्यांनी घेतला म्हणून घेतला, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे सगळ्यांच्या आधी मीच घेतला होता. पट्ट्याला चामड्याचं पाकीट लावून त्यात तो खोचायचो. मावळा तलवार लावतो तसा. रिक्षात शेअरला बसलो की शेजारच्याच्या बरगडीत तो टोचायचा, आणि मी "सॉरी, मोबाइल आहे" असं जरा मोठ्याने म्हणायचो.

पाठांतराचं माझं दुखणं त्याने एका आठवड्यात बरं केलं. अभंगाच्या पहिल्या ओळी मी मेसेज करून स्वतःलाच पाठवून ठेवल्या. डायरीच्या जागी पेटीवर मोबाइल आला. मग त्यात ऑफिसातले मित्र विनोद पाठवायला लागले, मी ते पुढे पाठवायला लागलो, साप खाऊन मोठा होतो तो खेळ सापडला, आणि हळूहळू माझी मान अशी खाली गेली की बायको म्हणाली, "तुमचा चेहरा विसरायला झालाय. टक्कल मात्र पाठ झालंय."

घरात कुणी काही बोललं की मी "हं" म्हणायचो. ही माझी शोधून काढलेली युक्ती होती आणि तिचा मला अभिमान होता. 'हं'मध्ये होकार आहे, सहानुभूती आहे, पुढे बोला असं आहे, शिवाय अंगठा थांबवावा लागत नाही. बाबांनी एकदा परीक्षा घेतली. मी सोफ्यावर साप वाढवत होतो. ते म्हणाले, "उद्या काशीला जातोय. संन्यास घेतोय."

"हं," मी म्हणालो. "जाताना तेवढा गॅसचा नंबर लावा."

बायको स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसली. बाबाही हसले. मलाही हसू आलं, पण कशाला हसताहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तालमीत मात्र ते हसायचे नाहीत. "वर बघ," म्हणायचे. पहिल्या महिन्यात एकदा-दोनदा, मग दर गजराला. "मेल्या, वर बघ." मी बघत नव्हतो असं नाही. ओळ संपली की बघायचो, पण बघेपर्यंत ठोका निघून गेलेला असायचा. बाबा आणखी एक आवर्तन वाजवायचे आणि आम्ही बस चुकल्यासारखे पुढच्या समेला थांबायचो.

एकदा मी उलटून बोललो. चारचौघांत. "बाबा, जमाना बदललाय. कान आहेत ना, कानांनी ऐका. मी काय सारखा तुमच्याकडे बघत बसू?"

त्यांनी पुडीवरची कणीक अंगठ्याने दाबली. "कान बोल ऐकतो," म्हणाले. "थांबायचं कुठे ते तोंड बघून कळतं."

मला वाटलं, म्हाताऱ्याला मोबाइलचा राग आहे. त्या काळात सगळ्याच म्हाताऱ्यांना होता, त्यामुळे वेगळा विचार करायची गरज पडली नाही. उलट मला जोर आला. माझी पेटी, माझा मोबाइल, बुवा मी. पुढच्या तालमीला मी तो मुद्दाम पेटीच्या मधोमध ठेवला.

आणि मग माघी गणपतीची बारी आली. मीरा रोडलाच, एका मैदानात, रविवारी दुपारी चारला. समोर वसईचे बुवा. माणूस जाड, आवाज गोड आणि जीभ विळ्यासारखी. मागच्या वर्षी त्यांनी मला रामायणातला एक सवाल टाकला होता, त्याचं उत्तर मला घरी पोहोचल्यावर आठवलं होतं. यंदा मी बंदोबस्त केला. माझा मेहुणा नायगावला राहायचा, त्याच्याकडे पोथ्यांचं एक कपाट होतं. ठरलं असं की वसईकरांची बारी चालू असताना मी त्याला सवाल मेसेजने कळवायचा, त्याने पोथीत बघून उत्तर पाठवायचं, आणि मी माझ्या बारीत ते तोंडावर फेकायचं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ही चिटिंग नाही का?" मी म्हणालो, "ही टेक्नॉलॉजी आहे."

वसईकरांनी सवाल टाकला. मारुतीच्या शेपटाला आग लावली, लंका जळली, पण शेपूट का जळलं नाही? कुणी कुणाला साकडं घातलं?

इथे मला कबूल केलं पाहिजे की उत्तर मला येत होतं. सीतेने अग्नीची प्रार्थना केली. हे मी माझ्या मुलीला झोपवताना शंभर वेळा सांगितलंय. मैदानात पुढच्या सतरंजीवर बसलेल्या पोरांनाही येत होतं, दोघं तर ओरडून सांगत होती. पण माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. म्हटलं, एकदा पोथीत बघून घेऊ दे.

मेसेज पाठवला. माझी बारी सुरू झाली. स्तवन झालं, अभंग झाला, उत्तर नाही. गजर धरला. आणि ध्वनिक्षेपकातून आवाज आला: टट् टरट् टट्, टट् टरट् टट्, टर्रर्र. ज्यांनी त्या काळातले मोबाइल वापरलेत त्यांना हा आवाज माहीत आहे. मेसेज येण्याआधी जवळचा स्पीकर असा किरकिरायचा. तालमीत माइक नसायचा, त्यामुळे मला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. आता माझ्या मोबाइलपासून वीतभर अंतरावर माइक होता आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार कर्णे.

मेसेज होता: 'थांबा, बघतोय.'

थोड्या वेळाने पुन्हा टट् टरट् टट्. 'सवाल परत पाठवा, डिलीट झाला.'

वाचकहो, मी तो परत पाठवला. गजर चढलेला, झांजा पेटलेल्या, आणि मी डाव्या हाताने भाता मारतोय, उजव्या करंगळीने पेटीवर एकच सूर दाबून धरलाय आणि अंगठ्याने 'शेपूट' लिहितोय. एकेका अक्षरासाठी तेच बटण तीन तीन वेळा दाबायचं होतं. 'शेपूट' लिहून होईपर्यंत बाबांनी लय दुप्पट केली होती. कोरसमधले लोक माझ्याकडे बघत होते, झांजवाले कोरसकडे बघत होते, बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी खाली बघत होतो.

एकदम पखवाज थांबला.

तिहाई नाही, काही नाही. चालता रेडिओ लाइट गेल्यावर थांबतो तसा. झांज दोन ठोके एकटीच वाजली आणि लाजून गप्प झाली. त्या शांततेत कर्ण्यांतून पुन्हा आवाज आला: टट् टरट् टट्.

वसईकर बुवांनी आपल्या जागेवरून, माइक नसताना, लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या:

*फूल नाही, मध नाही, आला कुठून भुंगा?*
*बुवांच्या पेटीमध्ये कुणाचा हा पिंगा?*

मैदान फुटलं. पुढच्या सतरंजीवरची पोरं लोळली. बाबांनी पखवाजावर त्याची खोळ चढवली, उठले, स्टेजवरून उतरले आणि सरळ वसईकरांच्या मंडळींमध्ये जाऊन खुर्चीवर बसले. कुणीतरी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला. माझ्या डोळ्यांसमोर माझा बाप शत्रूचा चहा बशीत ओतून पीत होता.

उरलेली बारी मी नुसत्या झांजेवर कशी काढली ते विचारू नका. मेहुण्याचं उत्तर आम्ही सामान रिक्षात भरत असताना आलं. 'सीता. अग्नी. पान एकशे बारा.'

बाबांशी मी आठ दिवस बोललो नाही. आता हे वाचून तुम्हाला वाटेल मला शरम वाटत होती. मुळीच नाही, मी संतापलो होतो. भुंग्याची चेष्टा मी पचवली असती, पण भर बारीत हात थांबवणं आणि वर पलीकडे जाऊन चहा? हा सूड होता. मी बायकोला म्हणालो, "त्यांनी मला धडा शिकवायला केलं हे." ती म्हणाली, "विचारलंत का त्यांना?" मी म्हणालो, "हं." कारण तेव्हा एक मेसेज आला होता.

नवव्या दिवशी मंडळाची मीटिंग. त्याच सोसायटीच्या ऑफिसात, बाबा सोडून सगळे. सेक्रेटरी बोलत होते. सज्जन माणूस, शाळेत क्लार्क, सगळं हळू आणि मुद्देसूद बोलणार. मी टेबलाखाली मोबाइल धरला होता. भुंग्याचा किस्सा एव्हाना ऑफिसात पोहोचला होता आणि लोक मला भुंग्याचे विनोद पाठवत होते, मी त्यांना उत्तरं देत होतो. सेक्रेटरींचं बोलणं कानावर येत होतं, पण पलीकडच्या बिल्डिंगमधल्या टीव्हीसारखं. वय… चार-पाच महिने झाले… शेवट चुकतोय… विरारचा एक मुलगा आहे, हात तयार आहे… बुवा, तुमच्या घरचा विषय आहे म्हणून आधी तुम्हालाच विचारतो, तुमचं काय म्हणणं?

"हं," मी म्हणालो.

"म्हणजे चालेल?"

"हं."

कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, बारीबद्दल सांत्वन करताहेत. मीटिंग संपली, सगळे नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा गप्प गेले. मी शेवटचा मेसेज पाठवून वर बघितलं तर ऑफिसात मी आणि कोपऱ्यातला पखवाज.

घरी आलो तर बाबा दारात चपला घालत होते. सेक्रेटरी माणुसकीचे, ते माझ्या आधी आमच्या घरी येऊन गेले होते.

"कुठे निघालात?" आठ दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द.

"पखवाज आणायला. मंडळाचा नाही तो, माझा आहे. विरारच्या पोराला त्याचा तो आणू दे."

"कसला विरारचा पोर?"

बाबा चपलेत पाय अडकवून उभे राहिले. "तूच हं म्हणालास ना? सेक्रेटरी सांगत होते, बुवांनी मोठ्या मनाने मान्य केलं. सांगताना रडायला आले होते बिचारे."

मी आयुष्यात पुष्कळ घोटाळे केलेत. गावच्या सत्यनारायणाला चुकीच्या घरी जाऊन प्रसाद खाऊन आलोय. ऑफिसात साहेबांच्या निरोपसमारंभात त्यांच्या आजारपणाचं भाषण केलंय. पण स्वतःच्या बापाला चाळीस वर्षांच्या जागेवरून एका अक्षराने उठवणं, आणि ते आपल्याला माहीतही नसणं, हे माझ्याही लायकीच्या पुढचं होतं.

"बाबा, मी ऐकलंच नाही ते काय म्हणाले," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "पण मंडळाला कुठे माहीत आहे? त्यांनी तुझं हं खरं धरलं."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि समोर बसलो. म्हटलं, आज काय ते होऊन जाऊ दे. "एक सांगा. बारीत हात का थांबवलात?"

"तू मान वर केलीस की नाही ते कळेना."

"नव्हतीच केली."

"तेच कळेना. मला वाटलं केलीस. मग वाटलं नाही केलीस. मग म्हटलं, चुकीच्या ठिकाणी संपवण्यापेक्षा थांबलेलं बरं."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते, पण नेमके माझ्याकडे नाही. माझ्या कानाच्या थोडं बाहेर. मी सरकलो. त्यांची नजर सरकली नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या उजव्या डोळ्यात बाहुलीच्या जागी एक राखाडी टिकली दिसली, ताकाच्या थेंबासारखी. इतकी मोठी की ती दिसायला डॉक्टर लागत नव्हता. समोर बसणारा माणूस लागत होता.

"हे कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून," बाबा म्हणाले. "मोतीबिंदू आहे, पिकायला पाहिजे म्हणतात. डाव्याने दिसतं. समोर तोंड असलं की दिसतं. खाली घातलेलं तोंड नाही दिसत, नुसतं काळं दिसतं."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. वर बघ, वर बघ, किती वेळा सांगितलं."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघून तशीच परत गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, "आणि वसईवाल्यांत जाऊन बसलात ते? दिसलं नाही म्हणून?"

"ते दिसत होतं चांगलं," बाबा म्हणाले. "त्यांचा चहा आल्याचा होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेलो. फोन केला नाही, चालत गेलो, जिना चढलो, बेल मारली. त्यांनी दार उघडल्यावर मी सांगितलं, "कालचं माझं हं धरू नका. मी ऐकत नव्हतो. पखवाज बाबांचा."

ते संकोचले. "अहो बुवा, ठराव झालाय. विरारच्या मुलाला शब्द दिलाय."

"ठराव माझ्या हं-वर झालाय आणि ते हं खोटं होतं. बारी बिघडली ती बाबांमुळे नाही. मी गजरात मोबाइलवर टाइप करत होतो."

"ते दिसलं सगळ्यांना," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "पण बुवांना बोलायचं कुणी? आणि खरं सांगू का, त्यांना आता दिसत नाही हो. डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, सहा महिने विश्रांती घेऊ दे, मग बघू ना."

बघा. मंडळातल्या लोकांना दिसलं होतं. माझ्या बापाचा डोळा सेक्रेटरीला माहीत होता, झांजवाल्याला माहीत होता, वरच्या गुजराती काकांनाही कदाचित खिडकीतून कळला असेल. फक्त घरच्या बुवाला पत्ता नव्हता.

"त्यांना मी दिसेन अशी सोय मी करतो," मी म्हणालो. "ती तुम्ही माझ्यावर सोडा. आणि नाही जमलं तर विरारच्या मुलाबरोबर विरारचा बुवाही शोधा. मी बसणार नाही."

बुवाने असं बोलायचं नसतं. मंडळ बुवाला बुवा करतं, बुवा मंडळाला नाही. सेक्रेटरींचा चेहरा पडला, आणि आतून त्यांच्या बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला. पण मी चहा न घेता उतरलो. मला भीती होती की चहाबरोबर मी मऊ पडेन.

पुढची बारी हनुमान जयंतीची, भाईंदरला, सकाळी दहाची. समोर पुन्हा वसईकर. ठराव मंडळाने एवढ्या बारीपुरता बाजूला ठेवला होता. स्टेजवर मी आधी पोहोचलो आणि पेटी फिरवली. बुवाची पेटी लोकांकडे तोंड करून असते, पखवाज बाजूला. मी पेटी आडवी केली, लोकांकडे खांदा टाकला, आणि समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर बाबांची गादी घातली. मोबाइल बायकोच्या पर्समध्ये, ती तिसऱ्या रांगेत.

माइकवाला म्हणाला, "बुवा, पब्लिक तिकडे आहे."

"असू दे."

सेक्रेटरी धावत आले. "बुवा, हे बरं नाही दिसत. पाहुणे बसलेत."

"पाहुण्यांना ऐकू येईल. बाबांना दिसायला पाहिजे."

विरारचा मुलगा कोरसमध्ये बसला होता, त्याला तसं विचारूनच बसवलं होतं. तो उठला, आणि बाबांच्या गादीखाली एक पाट सरकवून ती दोन बोटं उंच केली. पोरगा शहाणा होता.

वसईकरांनी पहिल्या बारीतच हाणलं. ते सोडतील असं मला वाटलंही नव्हतं:

*पंगत बसली दारात, यजमान बघतो घरात!*

लोक हसले. माझ्या खांद्याला ते हसू चांगलं ऐकू आलं. माझी बारी आली तेव्हा माझ्यापुढे मेसेज नव्हता, डायरी नव्हती, फक्त बाबांचं तोंड होतं, आणि ते इतक्या जवळ होतं की त्यांनी सकाळी दाढी करताना हनुवटीखाली सोडलेले चार केस मला दिसत होते. मी तोंडात येईल ते गायलो:

*घरात बसलाय बाप माझा, त्याचं पान आधी,*
*आयत्या वेळी आलात बुवा, बसा दुसऱ्या पंक्तीमधी.*

हे काही फार मोठं काव्य नाही, मला माहीत आहे. शिवाय पुढच्या अभंगाचं दुसरं कडवं मी साफ विसरलो. एकच ओळ चार वेळा गायलो. पाचव्यांदा तीच ओळ आली तेव्हा बाबांनी ओठ न हलवता भुवया वर केल्या, म्हणजे 'आठवतंय का?' मी मान हलवली, नाही. त्यांनी हात मोकळा सोडला आणि एकट्याने दोन आवर्तनं अशी वाजवली की लोकांना वाटलं हे ठरलेलंच आहे. तेवढ्यात मला कडवं आठवलं.

गजर चढला. मी बाबांकडे बघत राहिलो. पूर्ण गजरभर असं कुणाच्या तोंडाकडे बघणं सोपं नसतं, सांगून ठेवतो. पहिल्या मिनिटाला हसू येतं, दुसऱ्याला कसंसंच होतं, कुठे बघू असं होतं. मग ते जातं. त्यांचा डावा डोळा माझ्यावर रोखलेला, उजवा आपल्या धुक्यात. मी भुवई उचलली. त्यांनी तिहाई घेतली आणि आम्ही पंधराजण थांबलो.

टाळ्या झाल्या. कार्यक्रमाचे आयोजक माइकवर आले आणि म्हणाले, "बुवा, फार सुंदर. आता पुढचं भजन जरा इकडे तोंड करून होऊ द्या, पाहुण्यांना फोटो काढायचा आहे."

"काढा की," मी म्हणालो, "इथूनच काढा," आणि पेटीचा भाता उघडला.